एकविसाव्या वर्षाची गाणी

आमच्या शेजारच्या मावशींची मुलगी बारावीला आहे. मध्यंतरी तीन-चार दिवस ती धड जेवत नव्हती, कोणाशी बोलत नव्हती. कानात मोबाईलची वायर आणि एकच इंग्रजी गाणे, पुन्हा पुन्हा. मावशींनी मला विचारले, “भाऊ, हे काय ऐकते ही? शब्द तर आम्हाला कळत नाहीत, पण ऐकून आमच्यासुद्धा पोटात कालवतं.” गाणे ॲडेल या इंग्रज गायिकेचे होते. त्या मायलेकींमुळेच हा लेख लिहावासा वाटला.

ॲडेल ॲडकिन्स हिचा जन्म ५ मे १९८८ रोजी उत्तर लंडनच्या टॉटनहॅम भागात झाला. हा कामगारवस्तीचा, कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती असलेला भाग. आई तेव्हा अवघी अठरा वर्षांची. मुलगी चालू-बोलू लागते न लागते तोच वडील घर सोडून गेले. पुढे मायलेकी घरे बदलत बदलत दक्षिण लंडनमध्ये स्थिरावल्या. घरात गाण्याची परंपरा नव्हती, मास्तर नव्हते. तेरा-चौदा वर्षांची असताना एका दुकानात स्वस्तात काढलेल्या सीडींच्या ढिगातून तिने एटा जेम्स आणि एला फिट्झगेराल्ड यांच्या सीडी उचलल्या. कारण काय, तर मुखपृष्ठावरची केशरचना आवडली! या दोघी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायिका. एटा जेम्स तर लहानपणी चर्चमध्ये गात वाढलेली, अत्यंत खडतर आयुष्य काढलेली बाई. घरी येऊन सीडी ऐकली आणि पोरीचे आयुष्यच बदलले. जगभर वाजलेल्या या गोऱ्या मुलीच्या आवाजामागे काळ्या स्त्रियांच्या गळ्याचे ऋण आहे. हे ऋण तिने वेळोवेळी उघडपणे मान्य केले आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट शाळेची. लंडनच्या क्रॉयडन भागात ‘ब्रिट स्कूल’ नावाची कलाशाळा आहे. तिथे संगीत, नाटक, नृत्य शिकवतात आणि विद्यार्थ्यांकडून फी घेत नाहीत. तिथून ती २००६ साली बाहेर पडली. फी असती तर काय झाले असते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

जानेवारी २००८ मध्ये तिचा पहिला अल्बम आला. नाव ‘१९’, म्हणजे ती गाणी लिहिताना तिचे जे वय होते तेच. बरीचशी गाणी तिने एकटीने लिहिलेली. हातात गिटार, थोडीफार साथ, आवाज मात्र वयाच्या मानाने फार पोक्त. त्यातले एक गाणे तर सोळाव्या वर्षी, पुढे शिकायला घर सोडून जायचे की नाही यावरून आईशी वाद झाल्यावर लिहिलेले. २००९ साली तिला दोन ग्रॅमी पुरस्कार मिळाले.

आणि मग तिचे प्रेम तुटले. तो कोण होता हे तिने जाहीरपणे सांगितलेले नाही आणि आपल्यालाही ते जाणून घेण्याचे कारण नाही. जानेवारी २०११ मध्ये आलेला ‘२१’ हा दुसरा अल्बम त्या तुटलेल्या नात्यावर उभा आहे.

पहिला अल्बम घरच्या अंगणात म्हटल्यासारखा होता, तर दुसरा मोठ्या मंडपात उभा राहिलेला. या वेळी मूळ गाण्यांपैकी एकही तिने एकटीने लिहिले नाही. पॉल एपवर्थ, रायन टेडर, डॅन विल्सन, फ्रेझर स्मिथ असे कसलेले लोक जोडीला बसले. ढोल, पियानो, व्हायोलिनचे ताफे, मागे कोरस. अमेरिकेच्या दौऱ्यात बसच्या ड्रायव्हरने तिला तिकडची ‘कंट्री’ गाणी ऐकवली होती. साध्या शब्दांत पूर्ण गोष्ट सांगायची ती रीतही इथे उतरली. ‘डोन्ट यू रिमेंबर’ ऐकताना हे लक्षात येते.

पण मौज पुढेच आहे. रिक रुबिन या नामवंत निर्मात्याकडे अमेरिकेत मालिबू येथे वादकांचा संच बसवून बरेच ध्वनिमुद्रण झाले आणि त्यातले बरेचसे नंतर बाजूला ठेवले गेले. त्याची चार गाणी अल्बममध्ये राहिली. बाकीच्यांसाठी ती परत आपल्या कच्च्या नमुना-ध्वनिमुद्रणांकडे वळली. ‘रोलिंग इन द डीप’ हे संतापाचे गाणे. नाते तुटल्यावर लगेचच ती एपवर्थकडे गेली आणि हे लिहिले गेले. त्या कच्च्या प्रतीत जो आवाज लागला तो पुन्हा लागेना, म्हणून तोच ठेवला. आपण ऐकतो तो त्याच ताज्या रागातला आवाज आहे.

‘समवन लाईक यू’चेही तसेच. ज्याला विसरता येत नाही त्याने दुसरीकडे संसार मांडायचे ठरवले आहे, हे कळल्यावर लिहिलेले. लॉस एंजेलिसमध्ये डॅन विल्सनबरोबर दोन दिवस बसून ते तयार झाले. फक्त पियानो आणि गळा. पहिल्या दिवशीची अपुरी प्रत तिने आईला ऐकवली आणि आई रडली, असे विल्सन यांनी पुढे सांगितले आहे. त्या पियानोवर पुढे कोणी ताफा चढवला नाही, हे बरे झाले.

उलट ‘सेट फायर टू द रेन’मध्ये मला झगमगाट जरा जास्त वाटतो. व्हायोलिनांच्या गदारोळात ती ओरडते आहे असे होते. लोकांना ते आवडले, आमचे मत आमच्यापाशी.

१५ फेब्रुवारी २०११ रोजी लंडनच्या ब्रिट पुरस्कार समारंभात तिने ‘समवन लाईक यू’ गायले. भव्य रोषणाई, नाच यांच्यामध्ये ही एकटी उभी, बाजूला पियानो. शेवटी तिचेच डोळे भरून आले. लवकरच ते गाणे इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. ‘२१’ हा अल्बम इंग्लंडमध्ये एकूण २३ आठवडे आणि अमेरिकेत २४ आठवडे पहिला राहिला. जगभरात तीन कोटींहून अधिक प्रती खपल्या. तेव्हा सीडींचा धंदा बुडत चालला होता, हे ध्यानात घ्या.

यशाची किंमत गळ्याने मोजली. त्याच वर्षी स्वरतंतूत रक्तस्राव झाला, दौरे रद्द करावे लागले. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेत बोस्टन येथे शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी गप्प बसायला लावले. गाण्यावर पोट असलेल्या तेवीस वर्षांच्या मुलीला ‘बोलू नकोस’ असे सांगितल्यावर तिचे काय झाले असेल! फेब्रुवारी २०१२ मध्ये ग्रॅमीच्या मंचावर ती शस्त्रक्रियेनंतर प्रथमच लोकांसमोर गायली आणि त्या रात्री सहा पुरस्कार घेऊन गेली.

मावशींना मी एवढे सगळे सांगितले नाही. गाण्यात काय आहे ते मराठीत थोडक्यात सांगितले. कोणाला शाप नाही, जीव देण्याची भाषा नाही. एक मुलगी जुन्या माणसाच्या दारात जाते, त्याचे भले चिंतते आणि परत फिरते. मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे आमच्या पोरीचंही असंच काही झालंय होय?” मी म्हटले, “ते तिलाच विचारा. पण रागावून नको.”

त्या रात्री मावशींनी मुलीच्या कानातली एक वायर काढून आपल्या कानात घातली, असे तिनेच नंतर मला सांगितले. दोघी मिळून ते गाणे दोनदा ऐकले आणि मग जेवायला बसल्या.