आधी काय घडले? अनेक प्रक्रियकांची सामाईक स्मृती

दोन घटनांपैकी आधी कोणती घडली आणि नंतर कोणती, हे निश्चितपणे सांगता यावे, अशी आपली स्वाभाविक अपेक्षा असते. संगणकाविषयी तर ही अपेक्षा आपण अधिकच विश्वासाने बाळगतो. आज्ञावलीत जी आज्ञा वर लिहिली ती आधी पाळली जाणार आणि जी खाली लिहिली ती नंतर, असे आपण गृहीत धरतो. आज्ञा पाळणारा प्रक्रियक एकच असेल, तोवर या समजुतीने काही बिघडत नाही. परंतु एकाच स्मृतीचा उपयोग अनेक प्रक्रियक एकाच वेळी करू लागले, म्हणजे ‘आधी’ आणि ‘नंतर’ या साध्या शब्दांचा अर्थही नव्याने ठरवावा लागतो. आज खिशातल्या मोबाइलमध्येही असे अनेक प्रक्रियक असतात. तेव्हा हा प्रश्न आपणा सर्वांचाच आहे.

एका पेढीचे उदाहरण घेऊ. तेथे दोन कारकून आहेत आणि दोघांची मिळून एकच खतावणी आहे. तिजोरीच्या खोलीत एका वेळी एकानेच जावे, असा दंडक आहे. त्यासाठी नियम असा : आत जाण्यापूर्वी प्रत्येकाने खतावणीत आपल्या नावापुढे १ हा आकडा मांडावा, मग दुसऱ्याच्या नावापुढे काय आहे ते पाहावे आणि तेथे ० असेल तरच आत जावे. हा नियम निर्दोष आहे. दोघांपैकी कोणाचा तरी आकडा आधी मांडला जाणारच. दुसरा कारकून आपला आकडा मांडून मग पाहणार, म्हणजे त्याला पहिल्याचा १ दिसलाच पाहिजे. दोघांनाही ० दिसणे अशक्य आहे. दोघांनाही १ दिसला, तर दोघे खोळंबतील, आणि त्यावर निराळी तोड काढावी लागेल. परंतु दोघे एकाच वेळी आत मात्र जाणार नाहीत.

आता असे समजा, की खतावणी दूरच्या कपाटात आहे. खेपा वाचाव्यात म्हणून प्रत्येक कारकून आपली नोंद प्रथम स्वतःच्या कीर्दीत करतो आणि सवडीने ती खतावणीत चढवतो. पहिल्याने आपल्या कीर्दीत १ लिहिला. दुसऱ्यानेही तसेच केले. दोघांनी खतावणी पाहिली, तर तेथे दोघांच्याही नावापुढे ०! दोघेही तिजोरीच्या खोलीत शिरले. कोणीही खोटे लिहिले नाही, कोणी नियमही मोडला नाही. तरीही अनर्थ झाला.

प्रक्रियकाच्या पोटात अशी कीर्द खरोखरच असते. तिला ‘स्टोअर बफर’ म्हणतात. तिचे प्रयोजन वेग हे होय. सेकंदाला ३ अब्ज स्पंदने देणाऱ्या प्रक्रियकाचे एक स्पंदन सेकंदाच्या एक अब्जांश भागाच्याही तिसऱ्या हिश्शात संपते. मुख्य स्मृतीपर्यंत जाऊन येण्यास मात्र अशी शेकडो स्पंदने खर्ची पडू शकतात. प्रत्येक नोंद स्मृतीत पोहोचेपर्यंत थांबून राहिल्यास प्रक्रियकाचा बराच काळ वाट पाहण्यातच जाईल.

१९७९ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या स्वाभाविक अपेक्षेला नेमकी व्याख्या दिली. सर्व प्रक्रियकांच्या क्रिया जणू एकामागून एक अशा एकाच रांगेत घडल्या आणि त्या रांगेत प्रत्येक प्रक्रियकाचा स्वतःचा क्रम अबाधित राहिला, असे मानून जो निष्कर्ष निघेल तोच यंत्राने द्यावा. या गुणधर्माला क्रमिक सुसंगती म्हणता येईल. परंतु वेगासाठी बहुतेक यंत्रे तिच्यापासून ढळतात. इंटेलच्या परिचित प्रक्रियकांत मुख्यतः वर सांगितलेली कीर्दीची सवलत आढळते. एआरएम आणि पॉवर या कुळांतील प्रक्रियक क्रमाची याहूनही अधिक उलटापालट करू देतात. कोणत्या यंत्रात कोणती उलटापालट संभवते हे सांगणाऱ्या नियमावलीस ‘स्मृति-सुसंगतीचे प्रतिमान’ असे नाव आहे. जेथे क्रम राखणे अत्यावश्यक असेल तेथे ‘फेन्स’, म्हणजे कुंपण, या नावाची आज्ञा लिहावी लागते. ‘कीर्दीतील सर्व नोंदी खतावणीत चढवल्यावाचून पुढे पाहू नकोस,’ असा तिचा आशय असतो.

हे दोष फार फसवे असतात. आज्ञावली लाख वेळा बिनचूक चालते आणि एखाद्याच वेळी चुकते. पुन्हा चालवून पाहावी, तर चूक दिसत नाही. जावा या भाषेच्या मूळ नियमांत तर असा दोष होता, की कधीही न बदलणारे म्हणून घोषित केलेले मूल्यसुद्धा एखाद्या प्रक्रियेला बदललेले दिसू शकत असे. ते नियम २००४ मध्ये सुधारण्यात आले.

या सुधारणेमागील एक मूलभूत कल्पना सरिता अडवे आणि मार्क हिल यांनी १९९० मध्ये मांडली होती. अडवे यांचे अभियांत्रिकीचे पदवी-शिक्षण मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाले आणि पुढील संशोधन अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात. त्यांची कल्पना एका करारासारखी आहे. दोन प्रक्रियांची एकाच जागेवरून चढाओढ होऊ शकते अशी स्थळे आज्ञावली लिहिणाऱ्याने स्पष्ट दाखवून द्यावीत. त्याने ही अट पाळली, तर यंत्राने त्याला क्रमिक सुसंगतीचेच दर्शन घडवावे. इतरत्र यंत्राला वेगासाठी मोकळीक राहील. २०११ मध्ये सी प्लस प्लस या भाषेनेही याच तत्त्वाचा आधार घेतला.

तात्पर्य, अनेक प्रक्रियकांच्या यंत्रात घटनाक्रम आपोआप हाती येत नाही. जेथे तो हवा असेल तेथे तो मागून घ्यावा लागतो. पेढीतल्या त्या दोन कारकुनांची चूक एवढीच, की कीर्दीत लिहिले म्हणजे खतावणीत चढले, असे त्यांनी मानले.