शेवंती रात्र मोजते

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी शेवंतीच्या दोन कुंड्या होत्या. दोन्ही रोपे एकाच झाडाच्या काश्यांपासून केलेली. माती तीच, शेणखतही तेच. कार्तिकात मागच्या अंगणातली शेवंती पिवळ्या फुलांनी भरून गेली. पुढच्या ओट्यावरच्या कुंडीत मात्र नुसता पाला! शेजारच्या काकूंच्या मते तिला दृष्ट लागली होती. मी खताला दोष देत होतो. खरा अपराधी होता ओट्यासमोरचा, रात्रभर जळणारा रस्त्यावरचा दिवा.

शेवंती हे सूर्यफुलाच्या कुलातील, बुडाशी लाकडासारखे होणारे झुडूप. तिला ‘लघुदिन वनस्पती’ म्हणतात, कारण दिवस लहान होऊ लागले की ती कळ्या धरते. पुण्याला जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, तर डिसेंबरमध्ये अकरा तासांचा. फुलणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते, हे गार्नर आणि अॅलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली दाखवून दिले. पण लघुदिन हे नाव थोडे फसवे आहे. दिवस लहान ठेवून मध्यरात्री थोडा वेळ दिवा लावला, तरी शेवंती फुलत नाही. म्हणजे ती मोजते ती रात्र. आणि तीही अखंड रात्र.

हे मोजमाप झाडाचा कोणता भाग करतो? कळी शेंड्याला येते, तेव्हा शेंडाच करीत असेल, असे तुम्ही म्हणाल. रशियन शास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी १९३६-३७ च्या सुमारास शेवंतीवरच प्रयोग केला. झाडाच्या वरच्या भागाची पाने त्यांनी काढून टाकली. मग खालच्या पानांना लांब रात्र दिली आणि उघड्या शेंड्याला लहान. झाड फुलले! उलट व्यवस्था केल्यावर फुलले नाही. म्हणजे रात्र ओळखतात पाने, आणि तेथून काहीतरी निरोप शेंड्याकडे जातो. २०१३ साली जपानी संशोधकांना याची दुसरी बाजू सापडली: रात्र लहान असली किंवा मध्येच उजेड पडला, तर पानांत ‘फुलू नको’ असे सांगणारे प्रथिनही तयार होते.

पानांतील प्रकाश ओळखणाऱ्या द्रव्याचे नाव फायटोक्रोम. १९५९ साली बेल्ट्सव्हिल येथे ते मक्याच्या कोंबांत उपकरणाने प्रथम टिपले गेले. त्याची दोन रूपे आहेत. ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा प्रकाश मिळाला की पहिल्याचे दुसरे होते. ७३० नॅनोमीटरच्या अतितांबड्या प्रकाशाने दुसऱ्याचे पुन्हा पहिले. दोन फोटॉनांच्या ऊर्जेत फरक केवढा? सुमारे १.९ आणि १.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट! अंधारातही दुसरे रूप हळूहळू कमी होत जाते. झाडाच्या अंगच्या घड्याळाला ही खूण पुरते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यात सारा हंगाम आहे. सणाचा दिवस टळला की त्याच फुलांना कोण विचारतो? आपल्याकडे काश्या किंवा शेंड्याचे छाट एप्रिल-मेमध्ये लावतात आणि महिन्याभराने शेंडे खुडतात, म्हणजे फांद्या फुटतात. फुले उशिरा हवी असतील, तर शेतावर दिव्यांच्या माळा टांगून रात्री दहा ते दोन उजेड देतात. दर अर्ध्या तासात सहा मिनिटे दिवे लावले तरी चालते, वीज वाचते. फुले लवकर हवी असतील, तर संध्याकाळी पाचपासून सकाळपर्यंत काळे कापड घालतात. दिवे बंद केल्यावर बहुतेक जातींना फुलायला आठ ते दहा आठवडे लागतात, म्हणून शेतकरी सणापासून उलटे मोजत येतो.

तुम्हालाही हे करून पाहता येईल. जुलैत शेवंतीच्या दोन सारख्या कुंड्या घ्या. एकीवर रोज संध्याकाळी पाच ते सकाळी सातपर्यंत पुठ्ठ्याचे खोके उपडे घाला. फटी काळ्या कागदाने बुजवा, पण हवेसाठी बुडाशी आडोशाची जागा ठेवा. एकही दिवस चुकवू नका. कळ्यांना रंग दिसू लागला की खोके काढले तरी चालेल.