शर्यतीच्या आदल्या दिवशी घरातली कामं कोणाची?

आज दादांनी, सासूबाईंनी आणि मुलांनीही जवळ बसून ऐकावं, कारण विषय घरातल्या सगळ्यांचा आहे.

आपल्या बारामती-इंदापूर भागात आता बायका पहाटे कालव्याच्या कडेने, गावाबाहेरच्या रस्त्याने चालायला आणि पळायला जाताना दिसतात. सराव वाढला की बाहेरगावच्या शर्यतीची ओढ लागते. आपल्याला जवळची मोठी शर्यत म्हणजे साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन. २०१२ पासून ती होते आहे. दिवस पावसाळ्याच्या उत्तरार्धातले, वार रविवार, अंतर २१ किलोमीटरहून थोडं जास्त. यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जायचं आणि त्याच वाटेने खाली यायचं. आपला भाग सपाट, त्यामुळे हा चढ-उतार आपल्या पायांना नवा असतो.

आमच्या गटाच्या बैठकीत यावर बोलणं निघालं, तेव्हा एकच गोष्ट अनेकींच्या तोंडून आली. सराव महिनोन्‌महिने होतो, पण आदला शनिवार घात करतो. पहाटे उठून घरच्यांचा दोन दिवसांचा स्वयंपाक करायचा, धारा काढायच्या, मुलांच्या पिशव्या भरायच्या, मग गर्दीच्या एसटीतून प्रवास. साताऱ्यात पाहुण्यांकडे उतरलं की तिथेही पोळ्या लाटायला बसायचं. पाठ टेकायला रात्रीचे अकरा वाजतात आणि तीन-साडेतीनला उठायचं असतं. अशी बाई घाटात थकली, तर तो दोष सरावाचा नसतो.

बारामती तालुक्यातल्या लता भगवान करे आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवे होते म्हणून साठी ओलांडलेल्या लताबाई बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि आपल्या गटात पहिल्या आल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं आणि ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांना विशेष उल्लेख मिळाला. त्यांच्या जिद्दीला नमस्कारच आहे. पण यातून एक चुकीचा अर्थ निघतो. घरावर संकट आलं म्हणून बाई धावली तर सगळं गाव कौतुक करतं, आणि तीच बाई स्वतःच्या आवडीने धावायला निघाली तर तिला आधी घरची कामं उरकून जा म्हणतात. आम्हाला वाटतं, आवड हेही कारण पुरेसं आहे.

म्हणून पहिलं काम कागदाचं. आठवडाभर आधी घरात बसून शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ एवढ्या वेळातली कामं लिहून काढा आणि प्रत्येक कामापुढे एक नाव लिहा. शनिवार-रविवारच्या धारा कोण काढणार? दूध डेअरीला कोण घालणार? शेतीची लाइट रात्रीची असेल तर मोटर कोण चालू करणार? म्हाताऱ्या माणसांची औषधं कोण देणार? शनिवारच्या कामांपुढे धावणारीचं नाव नको. शेजारणीची मदत घेतली तर तिच्या गरजेला आपण जायचं, हेही त्याच कागदावर लिहावं.

खर्चही तिथेच मांडा. नोंदणीची फी, राहणं, जेवण, प्रवास. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे आणि ७५ वर्षांपुढच्या ज्येष्ठांचा प्रवास मोफत आहे, ते ओळखपत्र आठवणीने घ्या. हा खर्च आधीपासून थोडा थोडा बाजूला काढता येतो, त्यासाठी कर्ज काढू नये.

आता शनिवार. इंदापूरहून बारामती, फलटणमार्गे सातारा गाठायला अर्धा दिवस जातो असं धरून सकाळीच निघावं. कारण छातीवर लावायचा नंबर, ज्याला बिब म्हणतात, तो बहुधा शर्यतीच्या आधीच घ्यावा लागतो. वेळ आणि ठिकाण नोंदणीच्या संदेशात दिलेलं असतं. ओळखपत्र सोबत हवं. बिबला चिकटवलेल्या पट्टीवरून धावण्याची वेळ मोजली जाते, म्हणून तो दुमडू किंवा चुरगाळू नये. चार सेफ्टी पिना घरूनच न्या. एसटीत बसायला जागा तिला द्या आणि सामान दुसऱ्याने उचला. तासातासाने पाय हलवावेत, शक्य तिथे उतरून दोन मिनिटं चालावं.

बिब घेतल्यावर मुलांना सातारा बघायचा असतो. सज्जनगडाच्या पायऱ्या, अजिंक्यतारा, २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलेलं कासचं पठार. सगळं बघण्यासारखंच आहे. पण पायऱ्या चढून उतरलेले पाय दुसऱ्या दिवशी घाटात साथ देत नाहीत. मुलांना वडिलांनी किंवा काकांनी फिरवून आणावं आणि तिने त्या वेळात पाय पसरून पडावं. सगळ्यांनी मिळून फिरायचं ते रविवारी दुपारनंतर. साताऱ्याचे कंदी पेढेही तेव्हाच, पोटभर.

जेवणाबद्दल गैरसमज फार. धावताना शरीर मुख्यतः स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर वापरतं, आणि ती भात, पोळी, बटाटा, केळी अशा पदार्थांतून भरते. शनिवारी या पदार्थांचा वाटा थोडा वाढवावा, एकदम दुप्पट खाऊ नये. रोजची ज्वारीची भाकरी दुपारी खायला हरकत नाही. रात्री मात्र साधा वरण-भात किंवा दही-भात बरा, तोही सात-साडेसातच्या आत. मटकीची उसळ, पालेभाजी, झणझणीत रस्सा, ठेचा आणि बाहेरचं तळलेलं त्या रात्री नको, कारण पहाटे पोट बिघडलं की घाटात सोय मिळणं अवघड. पाहुण्यांनी मटणाचा बेत केला असेल तर प्रेमाने सांगावं, "उद्या दुपारी ठेवा."

पाणी दिवसभर घोट घोट प्यावं. लघवी फिकट पिवळी असली की पाणी पुरेसं आहे. भीतीपोटी तांब्यावर तांबे रिचवू नयेत. अति पाण्याने रक्तातलं मीठ उतरतं आणि चक्कर, उलटी, त्याहून गंभीर त्रासही होऊ शकतो. लिंबू-मीठ-साखरेचं सरबत चालतं. ओआरएस घेतलं तर पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवावं.

कपडे आणि बूट सरावातलेच घालावेत, नवं काही नको. घाट उतरताना बोटं बुटाच्या टोकाला आपटतात, म्हणून नखं दोन-तीन दिवस आधी कापून ठेवा. काखेत आणि आतल्या कपड्याची शिवण घासते तिथे व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावावं. पावसाचे दिवस, म्हणून कोरडे कपडे आणि टॉवेल घरच्यांच्या पिशवीत असू द्या. पाळी आली असेल तरी बरं वाटत असल्यास धावता येतं, पॅड जवळ ठेवावं. पाळी पुढे ढकलायची गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. पाय दुखू नयेत म्हणून आधीच दुखण्यावरची गोळी घेण्याची सवय तर मूत्रपिंडाला घातक आहे.

एक तपासणी मात्र महिना-दोन महिने आधीच करायची, ती हिमोग्लोबिनची. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. ते शनिवारच्या एका जेवणाने भरून येत नाही. आणि शनिवारी ताप, जुलाब, छातीत दुखणं किंवा चक्कर असेल तर धावू नये. फी गेली तरी चालेल. हा निर्णय घेताना घरच्यांनी "एवढे पैसे भरले, आता पळ" असं म्हणू नये.

रात्री कपडे, बिब, बूट, मोजे एका जागी काढून ठेवा. नऊच्या आत दिवा बंद, मुलांचे मोबाइलही बंद. झोप लागली नाही तर घाबरू नका, शर्यतीच्या आदल्या रात्री पुष्कळांची झोप अर्धवट होते. म्हणून शुक्रवारची रात्र महत्त्वाची. त्या रात्री आठ तास झोप मिळाली असेल तर शनिवारचं बरंचसं भरून निघतं.

रविवारी घाटाच्या रस्त्यावर गाड्या न्यायचा विचार करू नका. शर्यत संपल्यावर कुठे भेटायचं ते रात्रीच ठरवा, कारण गर्दीत फोन लागेलच असं नाही. तिथे चप्पल, कोरडे कपडे आणि खायला काहीतरी घेऊन घरातल्या कोणीतरी थांबावं. आणि परत आल्यावर संध्याकाळचा चहा व सोमवारचा डबा यांच्यापुढे कागदावर कोणाचं नाव आहे, ते आधीच बघून ठेवा.