सागाच्या देशांतील घर

साग-बांबूंच्या प्रदेशांत तरी घर स्वस्त असावें, असें सहज वाटतें. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत लाकूड आहे, बांबू आहे, रानोमाळ मोकळी भूमीहि दिसते. तथापि घराची किंमत लाकूड-विटांनींच ठरत नाहीं. घराला जागा लागते. आणि ती रस्ता, पाणी व रोजगार यांच्याजवळची असावी लागते. तशी जागा सहजासहजीं वाढत नाहीं, हीच या प्रश्नाची मेख होय.

चंद्रपूर शहर पाहा. गोंड राजांचा परकोट, बाजूंना इरई व झरपट या नद्या, आसपास कोळशाच्या खाणी आणि उत्तरेकडे ताडोबाचें अरण्य. पसरण्यास मोकळीक थोडी. त्यांत खाणी वाढल्या आणि १९८० च्या दशकांत औष्णिक विद्युत् केंद्र उभें राहिलें. केंद्राच्या नोकरवर्गासाठीं ऊर्जानगरची वसाहत झाली नसती, तर तीं सारीं कुटुंबें शहरांतल्या त्याच थोड्या घरांसाठीं चढाओढ करतीं. कारखान्याची वसाहत अशी शेजारच्या भाडेकऱ्याचेंहि रक्षण करते.

गडचिरोलीची गोष्ट याहून बोलकी आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं तें लहानसें गांव जिल्ह्याचें ठाणें झालें. कचेरीची पाटी एका दिवसांत लागते; घर एका दिवसांत होत नाहीं. अशा वेळीं आधीं भाडें चढतें, मग जमिनीचा भाव, आणि सर्वांच्या शेवटीं नवें घर उभें राहतें. जिल्ह्याचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग वनाखालीं आहे, आणि १९८० च्या वनसंरक्षण कायद्यामुळें ती जमीन केंद्र सरकारच्या मंजुरीवांचून अन्य कामीं लावतां येत नाहीं. शेतजमिनीलाहि रस्ता आणि नळ यांची वाट पाहावी लागते. या मधल्या काळांत ठराविक पगाराच्या शिक्षकाला वा कारकुनाला भाड्याचा वाढीव रुपया मुलांच्या दुधांतूनच काढावा लागतो. घरमालकाला बोल लावून हें टळत नाहीं. एका घराला चार गिऱ्हाइकें असलीं, कीं भाव चढणारच.

मग जंगल तोडावें काय? मुळींच नाहीं. ज्या वनावर माडिया-गोंडांचा संसार चालतो, तें मोडून मिळणारी स्वस्ताई फार महाग पडेल. गांवांतली पडीक जागा वापरणें, एका मजल्याचे दोन करणें, कारखान्याआधीं वसाहत बांधणें, हे मार्ग मोकळे आहेत. सुरजागडचें लोहखनिज आणि कोनसरीचा लोह-उद्योग यांमुळें गडचिरोलीकडे पुन्हां माणसांचा ओघ लागला आहे. घरें त्यांच्या आधीं उभीं राहिलीं, तर दोघांचेंहि निभेल. मागाहून उभीं राहिलीं, तर त्या विलंबाचें भाडें जुन्या रहिवाशालाच भरावें लागेल.