सड्यावरून दिसलेला त्रिशंकू

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे शेतातले काम चुकले की आजी हमखास म्हणते, "ना शाळंची ना शेताची, पोरगी त्रिशंकूच झाली बघा!" विश्वामित्राने सदेह स्वर्गाला धाडलेला, इंद्राने ढकलून दिलेला आणि मध्येच उलटा लोंबकळत राहिलेला तो राजा आजीला कीर्तनातून ठाऊक. पण त्या नावाचे तारे आहेत आणि ते आमच्या आजरा तालुक्यातून दिसतात, हे मला कॉलेजच्या ग्रंथालयातल्या पुस्तकाने सांगितले. मी कला शाखेची; तरीही ते पाहायचेच असे ठरवले.

आकाशाचे ८८ तारकासमूह मानले आहेत. त्यांत त्रिशंकू सर्वांत लहान. प्राचीन ग्रीसमधून हे तारे दिसत आणि टॉलेमीने ते नरतुरंगाच्या पायांत मोजले होते. पुढे पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डोलत गेल्यामुळे ते तिथल्या क्षितिजाखाली गेले. दिल्लीहून आजही पूर्ण त्रिशंकू दिसत नाही. आमच्याकडे त्याचा सर्वांत खालचा तारा जेमतेम अकरा अंश वर येतो. म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढा. पुण्याहून तो आणखी खाली. एक झाड किंवा एखादी टेकडी आडवी आली, की संपले!

म्हणून गावावरच्या सड्यावर जायचे ठरले. रात्रीची एकटी कशी जाणार? आबा बरोबर आले. एप्रिलअखेर पहिली फेरी झाली. साडेआठला दक्षिणेकडे चार ताऱ्यांचा क्रूस दिसला. मी आबांना मोठ्या ऐटीत दाखवला आणि आम्ही परतलो. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडले, तर तो निघाला खोटा क्रूस! तो आकाराने मोठा, तेजाने मंद आणि खऱ्याच्या तीन-साडेतीन तास आधी डोक्यावरून जाणाऱ्या रेषेवर येतो. नवख्याची फसगत ठरलेली.

खऱ्याची खूण हस्त नक्षत्र. हस्त म्हटले की आबांना हत्तीचा पाऊस आठवतो. पण त्याचे तारे त्यांनी कधी पाहिले नव्हते. पाहणार कसे? सप्टेंबरअखेर सूर्यच त्या भागात असतो, म्हणून ते तारे दिवसाउजेडी उगवून मावळतात. पावसाची नक्षत्रे पावसात दिसत नाहीत, हे कळल्यावर आबा खूप वेळ गप्प होते. मे महिन्यात मात्र हस्ताचा पंजा रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला उंच असतो. त्याच्याखाली साडेतीन मुठी सरळ उतरले, की त्रिशंकू. डावीकडे मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे त्याच्याकडे बोट दाखवतात. खोट्या क्रूसाला असे साक्षीदार नाहीत.

दुसऱ्यांदा गेलो ते वैशाखी अमावास्येच्या आदल्या रात्री. दुपारी वळीव पडून धूळ बसली होती. भूगोलाच्या सरांनी विश्वासाने दिलेली कॉलेजची द्विनेत्री दुर्बीण गळ्यात होती. क्रूस उभा होता! "एवढासाच व्हय?" आबा म्हणाले. एवढासाच. पण वरचा तारा तांबूस आणि बाकीचे तीन निळसर पांढरे, हा फरक दुर्बिणीत स्पष्ट कळला. तांबूस तारा सुमारे ८८ प्रकाशवर्षांवर आहे, खालचा सर्वांत तेजस्वी तीनशेहून अधिक. म्हणजे चौघे एका चौकटीत दिसतात इतकेच, शेजारी नाहीत.

डावीकडच्या ताऱ्याच्या किंचित खाली एक पुसट ठिपका होता. ती रत्नपेटी. लकायने १७५१-५२ मध्ये केप ऑफ गुड होपहून तिची नोंद केली. पुढे जॉन हर्शेलने तिथूनच मोठ्या दुर्बिणीतून पाहून तिला रत्नांची उपमा दिली. निळ्या ताऱ्यांच्या या गुच्छात मध्येच एक लाल तारा आहे. अंतर सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षे. मला रत्ने दिसली नाहीत. धुकट ठिपका आणि त्यात दोन-तीन टोचे दिसले. क्षितिजाजवळचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा चार-पाच पट अधिक हवेतून येतो, त्यात त्याचे तेज जाते.

तिच्या शेजारी आकाशगंगेत कोळशाचे पोते नावाचा काळा डाग आहे. ते भोक नाही. सुमारे सहाशे प्रकाशवर्षांवरचा धुळीचा ढग मागचे तारे झाकतो. त्या बाजूला मला काळोख दाट वाटला खरा; पण दक्षिणेकडच्या गावांचे नवे पांढरे दिवे तिथवर उजळत होते. डाग पाहिला असे मी छातीठोक म्हणणार नाही.

घरी आलो तेव्हा आजी जागी होती.

"दिसला? उलटा लोंबतोय न्हवं?"

मी सांगितले, उगवताना डाव्या कुशीवर असतो, नऊला सरळ उभा राहतो आणि मावळताना उजवीकडे कलंडतो.

"उभा ऱ्हातो?" आजीने पुन्हा विचारले. मग म्हणाली, "उद्या मला बी ने सड्यावर."