न शिकलेल्या गळ्यांचा संगीतकार

वसंत देसाई म्हटलं की गप्पा हमखास ‘झनक झनक पायल बाजे’वर (१९५५) जातात. चित्रपटाच्या शीर्षकगीतासाठी उस्ताद अमीर खाँचा अडाणा मिळवणारा, ‘गूंज उठी शहनाई’साठी (१९५९) बिस्मिल्ला खाँची सनई आणणारा संगीतकार. ही कीर्ती रास्तच. पण तिच्या झगमगाटात देसाईंचं अधिक टिकलेलं काम झाकोळून गेलं. ज्यांनी कधी सा लावला नाही, अशा गळ्यांना त्यांनी गायला लावलं.

देसाई १९१२ साली कुडाळजवळच्या सोनवड्यात जन्मले. गाव तेव्हा सावंतवाडी संस्थानात होतं. विलीनीकरणानंतर ते रत्नागिरी जिल्ह्यात आलं आणि १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत तिथंच राहिलं. प्रभात फिल्म कंपनीतली उमेदवारी, मग व्ही. शांतारामांचं राजकमल, ‘शकुंतला’, ‘अमर भूपाळी’ हा प्रवास जाणकारांना पाठ आहे.

थांबायला हवं ते ‘श्यामची आई’पाशी (१९५३). साने गुरुजींचं पालगड दापोली तालुक्यातलं, चित्रपट आचार्य अत्र्यांचा, आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्यालाच मिळालं. त्यातलं छडीचं गाणं ऐका. वर्गात पाढे म्हणावेत तशी ठसक्याची चाल. बेसूर पोरगंही त्यात सहज खपून जातं. त्याच चित्रपटात आशा भोसले यांनी गायलेलं द्रौपदीच्या पीतांबराचं गाणं आहे. तिथं हेच देसाई हळुवार होतात आणि कथा सुरांतून उलगडत नेतात. अत्र्यांचे शब्द दोन्हीकडे, पण गळा कुणाचा हे ओळखून चाल बांधलेली.

‘दो आँखें बारह हाथ’मध्ये (१९५७) हीच दृष्टी सहा खुनी कैद्यांपर्यंत पोचली. त्यातली भरत व्यासांची प्रार्थना पडदा सोडून शाळाशाळांत गेली.

आणि ‘गुड्डी’ (१९७१)! वाणी जयराम यांचं हिंदी चित्रपटातलं हे पदार्पण. देसाईंनी त्यांना एकीकडे मियाँ मल्हारातलं पावसाचं गाणं दिलं. ते पेलायला तयारीचाच गळा हवा. दुसरीकडे गुलजारांची प्रार्थना केदारात बांधली. केदार काही पोरखेळ नव्हे. षड्जावरून थेट शुद्ध मध्यम गाठायचा, तीव्र मध्यमही सांभाळायचा आणि राग कुठं हमीर-कामोदाकडे झुकू द्यायचा नाही. देसाईंनी ओळी आटोपशीर ठेवल्या, ताना टाळल्या, लय संथ राखली. रांगेत उभ्या मुलींना म्हणता येईल इतपत केदार त्यांनी सोपा केला, पण त्याचा चेहरा पुसला नाही. हे कसब अडाण्यातल्या तानांपेक्षा तसूभरही कमी नाही.

‘गुड्डी’च्या पाच वर्षं आधी, २३ ऑक्टोबर १९६६ रोजी, एम. एस. सुब्बुलक्ष्मी संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात गायल्या. त्यांनी गायलेली विश्वमैत्रीची संस्कृत रचना कांचीच्या शंकराचार्यांची, चाल या कोकणी माणसाची. शब्द पंडिती, गायिका थोर. तरी चालीचा घाट मात्र प्रार्थनेचाच.

२२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात देसाई गेले. चित्रपटसंगीताच्या इतिहासात ते आजही बहुधा शांतारामबापूंच्या प्रकरणातच भेटतात. ही वाटणी चुकीची आहे. ‘श्यामची आई’ आणि ‘गुड्डी’ दोन्ही राजकमलबाहेरचे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शाळांनी निदान प्रार्थनेच्या वहीत कवीच्या नावाखाली ‘संगीत : वसंत देसाई’ एवढं लिहावं, आणि संगीताच्या तासाला केदार शिकवताना सुरुवात ‘गुड्डी’तल्या प्रार्थनेपासून करावी.