मागे मोटार बांधावी का?

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. टेम्पोएवढ्या गाडीत झोपण्याची जागा, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी बसवलेली असते. वसईतील आमच्या शेजाऱ्यांनी अशी एक गाडी घेऊन चार दिवस जव्हारला जायचे ठरवले. तेव्हा त्यांच्या नववीतल्या मुलाने मला विचारले, "काका, कॅरव्हॅनच्या मागे आपली छोटी मोटार बांधून नेली तर? कॅरव्हॅन एका जागी उभी करायची आणि दाभोसा धबधबा पाहायला मोटारीने जायचे!"

कल्पना वेडगळ नव्हती. अमेरिकेत अनेक कुटुंबे असेच करतात. पण 'करावे की नाही' हे ठरवण्याआधी आपण थोडे गणित करू या.

चढताना

समजा, कॅरव्हॅनचे वस्तुमान ३००० किलोग्रॅम आणि मोटारीचे ८०० किलोग्रॅम आहे. वसई जवळजवळ समुद्रसपाटीवर आहे, तर जव्हार सुमारे ४५० मीटर उंच. मोटार तेवढी वर न्यायला लागणारी जादा ऊर्जा किती? वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची, म्हणजे ८०० × १० × ४५० = ३६ लाख जूल. ही झाली बरोबर एक युनिट विजेएवढी ऊर्जा! इंजिनात डिझेलच्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्साच कामी येतो, हे धरले तरी केवळ या चढाईसाठी जादा डिझेल लागेल ते सुमारे पाव ते तृतीयांश लिटर. इंजिन थोडे कुरकुरेल, वेग कमी होईल, एवढेच. म्हणजे अडचण चढण्यात नाही.

थांबताना

खरी परीक्षा ब्रेकची. रस्ता आणि टायर यांच्यातील घर्षणाला मर्यादा असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक ०.७ धरला, तर कॅरव्हॅनच्या टायरांना रस्त्याकडून जास्तीत जास्त २१,००० न्यूटन बल मिळते. ताशी ५० किलोमीटर वेग असताना जोरात ब्रेक दाबला, तर एकटी कॅरव्हॅन सुमारे १४ मीटरमध्ये थांबेल. आता मागे मोटार आहे आणि तिचे ब्रेक कोणी दाबत नाही. बल तेवढेच, पण थांबवायचे वस्तुमान ३८०० किलोग्रॅम. थांबायला साडेसतरा मीटर लागतील. पावसात घर्षणांक निम्मा झाला, तर हेच आकडे २८ आणि ३५ मीटर होतात. हा सात मीटरांचा फरक म्हणजे दोन छोट्या मोटारींची लांबी. तेवढ्या अंतरात एखादी सायकल, एखादे गुरू किंवा शाळेतून घरी निघालेले मूल असू शकते.

दोरी की दांडा?

अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या किनाऱ्यावर मोठ्या बोटीमागे दोरीने बांधलेली छोटी होडी तुम्ही पाहिली असेल. मोठी बोट मंदावली की होडीही पाण्याच्या विरोधामुळे लवकर मंदावते. रस्त्यावर तसे होत नाही. गिअर काढलेली मोटार सपाटीवर चालू ठेवायला अवघे १२० न्यूटनच्या आसपास बल पुरते, म्हणून तर ती तुम्हीही ढकलू शकता. एवढ्याशा विरोधाने ती थांबणार कशी? दोरी ओढू शकते, अडवू शकत नाही. पुढच्या गाडीने ब्रेक दाबला की दोरी सैल पडते आणि जडत्वामुळे मागची मोटार येऊन आदळते.

मग लोखंडी दांडा लावला तर? मोटार आदळणार नाही, पण पुढच्या गाडीला ढकलेल. वरच्या कोरड्या रस्त्याच्या उदाहरणात हा धक्का सुमारे ४४०० न्यूटनचा आहे. घाटाच्या वळणावर दांडा १५ अंशांनी तिरपा असेल, तर त्यातील साधारण ११५० न्यूटन कॅरव्हॅनचे शेपूट बाजूला लोटतात. दोन मुलांच्या वजनाएवढे बल, तेही नेमके वळणावर!

उतरताना

परतीच्या प्रवासात ते ३६ लाख जूल कुठे जातात? काही हवेचा आणि रस्त्याचा विरोध खातो, काही खालच्या गिअरमधले इंजिन खाते. उरलेल्यांची ब्रेकमध्ये उष्णता होते. सगळे पाण्याला दिले, तर अकरा लिटर पाणी उकळू लागेल, आणि हा केवळ मोटारीचा वाटा झाला. ब्रेक फार तापले की त्यांची पकड कमी होते. घाटात जळका वास येऊ लागला, तर तो हाच इशारा असतो.

अमेरिकेत हे कसे जमते, असे तुम्ही विचाराल. तिकडे ओढणाऱ्या गाडीची क्षमता आधी तपासतात आणि मागच्या मोटारीला आपोआप लागणारे वेगळे ब्रेक बसवतात. शिवाय कोणती मोटार अशी ओढावी हेही पाहतात. अनेक ऑटोमॅटिक मोटारींच्या गिअरपेटीत इंजिन चालू असतानाच तेल फिरते. इंजिन बंद ठेवून ओढल्यास ती खराब होते.

आपल्याकडचे नियम तर स्पष्टच आहेत. दुसरी मोटार ओढून न्यायची ती बंद पडलेली असेल तेव्हा, जवळच्या गॅरेजपर्यंत, सावकाश. दोन वाहनांतले अंतर पाच मीटरांपेक्षा जास्त नको आणि मागच्या गाडीच्या चाकाशी चालक बसलेला हवा. हा चालक कशासाठी, हे आता तुम्हाला सांगायला नको. धडधाकट मोटार सहलीसाठी बांधून नेणे या नियमांत बसत नाही.

मग आमच्या शेजाऱ्यांनी काय केले? वडील कॅरव्हॅन घेऊन निघाले आणि आई मोटार चालवत मागून गेली. डिझेल-पेट्रोलचा खर्च थोडा वाढला, पण प्रत्येक गाडीला स्वतःचे ब्रेक आणि स्वतःचा चालक मिळाला. मुलाची हौसही भागली.

तुम्ही घरी एक प्रयोग करा. दोन खेळण्यातल्या गाड्या आधी दोऱ्याने बांधा. पुढची ओढता ओढता अचानक थांबवा आणि मागची काय करते ते पाहा. मग दोऱ्याऐवजी खराट्याची काडी लावा आणि वळणावर थांबवून पाहा. मागच्या गाडीवर नाणी ठेवून वजन वाढवा. जे दिसेल ते वहीत लिहा आणि पुढच्या वेळी घाटात जाल तेव्हा आठवा: गाडी ओढून नेण्याचा विचार करताना पहिला प्रश्न 'ओढेल का?' हा नसतो, 'थांबेल का?' हा असतो.